कुठवर आलात?

वाचनालयातून आणलेल्या, विष्णुभट गोडसे या भटजींच्या ‘माझा प्रवास’च्या प्रतीत, झाशीला वेढा पडतो त्या पानाच्या समासात कुणीतरी बारीक शिसपेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘भटजी, आता तरी निघा.’ त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, निळ्या बॉलपेनने उत्तर आहे, ‘दक्षिणा कोण सोडील?’

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ‘पुस्तकात खुणा करू नयेत’ असा जांभळा शिक्का आहे आणि तो नियम मला पूर्ण मान्य आहे. तरी त्या दोन ओळींनी भटजी जेवढे जवळ आणले तेवढे प्रस्तावनेने आणले नाहीत. लिहिणारे दोघं एकमेकांना ओळखत नसणार. दोन शेऱ्यांच्या मधे कितीतरी वर्षं गेली असतील. पण दोघांनीही तोंड उघडलं ते पुस्तक मांडीवर उघडं असताना. पुस्तक परत केल्यावर त्यांनाच कुणी विचारलं असतं तर ‘सत्तावनच्या बंडाचं प्रत्यक्ष पाहिलेलं वर्णन, प्रत्येकाने वाचावं असं’ अशी इस्त्री केलेली वाक्यं मिळाली असती. भटजींना हाक मारायचं कुणाला सुचलं नसतं.

म्हणून हल्ली मी कुणाला ‘पुस्तक कसं आहे?’ असं विचारत नाही. ‘कुठवर आलात?’ विचारते. वाचून संपलेल्या पुस्तकावर लोक मत देतात तेव्हा त्यात पुस्तकापेक्षा त्यांची स्वतःची ऐट जास्त असते. थोर पुस्तक असेल तर आपल्याला ते थोर वाटलंच पाहिजे; वाटलं नाही तर निदान तसं म्हटलं पाहिजे. अर्ध्यावर असलेल्या माणसाला ही सोय नसते. तो वैतागलेला असतो, नाहीतर गुंतलेला. शेवट कळलेला नसल्यामुळे शहाणपण दाखवायला जागाच नसते. पाच चांदण्यांपैकी साडेतीन देणारी मंडळी मला म्हणूनच समजत नाहीत. कुठल्या पानावर दोन होत्या आणि कुठल्या पानावर पाच, ते सांगा की.

सध्या ‘माझा प्रवास’ आम्ही दोघी वाचतोय, मी आणि माझी मावशी. मावशी पेणला असते आणि वरसई पेण तालुक्यातच, त्यामुळे विष्णुभट गोडसे म्हणजे तिला आपल्या गावचा माणूस. घरावर कर्ज झालेलं, मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा सर्वतोमुख यज्ञ करणार आणि त्यात दक्षिणा भरपूर मिळणार अशी बातमी आलेली. तेवढ्यावर हा तिशीतला भिक्षुक काकांना सोबत घेऊन १८५७ साली उत्तरेकडे चालायला लागतो. महूच्या आसपास शिपाई भेटतात आणि पुढे काय होणार आहे ते जवळजवळ सांगूनच टाकतात. हे दोघं तरी पुढेच जातात. परतीचा विचार मनात येतो, पण कर्जही आठवतं. बंडाबद्दल भटजींना मत नाही असं नाही, पण आधी पोट आहे, मग मत. मला हे फार आवडलं. सत्तावनवर लिहिणारे बहुतेक लोक बंडासाठी निघालेले असतात, किंवा बंड मोडायला. हा माणूस यज्ञाला निघालाय आणि बंड त्याच्या वाटेत येतंय.

मावशीला हेच आवडलेलं नाही. फोनवर म्हणाली, ‘‘अगं, आख्खा देश पेटलाय आणि हा आपला रुपये मोजतोय!’’

‘‘तू कुठवर आलीस?’’

‘‘झाशीत शिरलेत दोघं. आणि शिरल्या शिरल्या भटजींनी राणीच्या नवऱ्याच्या, गंगाधररावांच्या भानगडी सांगायला घेतल्यात. बायकांची वस्त्रं नेसायचे म्हणे. याला कुणी सांगितलं? हा तर तेव्हा झाशीत नव्हताच.’’

मुद्दा बरोबर आहे. गंगाधरराव वारल्यावर चारेक वर्षांनी भटजी तिथे पोचलेत. जे सांगतात ते ऐकीव. पण मला वाटतं, याच ऐकीव गोष्टींमुळे झाशी हे गाव वाटायला लागतं. किल्ला आणि राणी सगळ्यांना माहीत असतात. आपल्या मेलेल्या राजाबद्दल गावातले लोक ओट्यावर बसून काय बोलत होते ते इतिहासाच्या पुस्तकात कुठून येणार? मावशी म्हणाली, ‘‘म्हणजे चहाड्या केल्या तर इतिहास होतो का?’’ मी म्हटलं, पंचवीस वर्षं टिकल्या तर होतो. तिला ते पटलं नाही आणि खरं तर मलाही पूर्ण पटलेलं नाही. पण त्या क्षणी वेढा पडायचा होता, तोफा सुरू व्हायच्या होत्या आणि आमचं भांडण तेवढ्यापुरतंच होतं.

मधे एक मौज झाली. मी तिला एक वाक्य वाचून दाखवलं, ते तिला तिच्या पुस्तकात सापडेना. तिने पान सांगितलं, ते माझ्यात जुळेना. मग उलगडा झाला की आम्ही दोघी एकच पुस्तक वाचतच नव्हतो. भटजींनी ही हकीकत १८८३ साली लिहिली, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी ती छापली १९०७ मध्ये, पण छापताना भाषेवरून हात फिरवला, काही मजकूर काढला, रचना नीटस केली. मूळ हस्तलिखितात होतं तसं पुस्तक यायला १९६६ उजाडलं. ते दत्तो वामन पोतदारांनी काढलं. मावशीकडे घरात चालत आलेली, वैद्यांच्या वळणाची प्रत आहे. माझ्याकडे वाचनालयातली पोतदारांची. तिचे भटजी शिकलेले गृहस्थ आहेत, मुद्द्याचं बोलतात, वाक्य संपवतात. माझे भटजी एका दमात सुरू होतात ते थांबत नाहीत. एका वाक्यात प्रवास, स्वयंपाक, दक्षिणा, चोरांची भीती आणि देवाची करुणा सगळं येऊन जातं. ‘रुपये मोजतोय’ हा तिचा राग आणि ‘किती जिवंत माणूस आहे’ हे माझं कौतुक, या दोन्हींत थोडा वाटा या संपादनांचाही असणार. तिचं पुस्तक मी मागितलं, माझं तिने मागितलं. पोस्टाने पाठवायचं ठरलं आणि दोघींनीही ते पाठवलं नाही, कारण मधेच कोण सोडतंय!

झाशी पडते ती पानं मी रात्री वाचायला नको होती. १८५८च्या मार्चअखेर इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने वेढा घातला आणि एप्रिलच्या सुरुवातीला गोरे शहरात शिरले. पुढचे काही दिवस कत्तल, मग लूट. भटजी आणि काका लपून बसलेले. मिळवलेली दक्षिणा जाते. शिपाई आधी काय नेतात, नंतर काय नेतात, शेवटी भांडीकुंडीसुद्धा कशी जातात हे सगळं भिक्षुकाच्या बारीक नजरेने लिहिलेलं आहे. आणि मग ग्रंथांचा नाश येतो. राजवाड्यातल्या पोथ्यांची वाताहत भटजींना लागते ती रुपये गेल्यापेक्षा वेगळ्या जागी. इथे मी मावशीला रात्रीच निरोप टाकला, ‘तुझा रुपये मोजणारा पोथ्यांसाठी रडतोय.’ सकाळी उत्तर आलं, ‘वाचलं. आता पुढे बोलू नकोस.’

लिहिताना भटजींना शेवट ठाऊक होता. वाचताना आपल्यालाही अर्धा ठाऊक असतोच. भटजी जगले, म्हणून तर पुस्तक आहे. राणीचं काय झालं ते शाळेतलं पोरही सांगेल. तरी समासातला तो माणूस ‘आता तरी निघा’ म्हणतो. ही ताकद कुठून येते ते मी अजून शोधतेय. भटजी आधीच डोळे पुसत नाहीत हे एक कारण असावं. ‘हाय हाय, पुढे काय वाढून ठेवलं होतं’ असली वाक्यं आली तरी लगेच माणूस तहान, भूक, कुठे लपायचं या कामाला लागतो.

माझी खूण आता कालपीच्या वाटेवर आहे. विहिरीवर राणी भेटते तो प्रसंग नुकताच वाचलाय. पठाणी वेश, अंगभर धूळ, घोडा, तहान. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती त्यांना काढू देत नाही, स्वतः ओढून घेते. या प्रसंगावर चित्रं निघाली, व्याख्यानं झाली. मी तो आधी कितीतरी वेळा ऐकलेला होता आणि खरं सांगायचं तर थोडी सावध होऊनच तिथवर आले होते. पण पुस्तकात तो फार पटकन येतो आणि जातो. भटजी पुढे चालायला लागतात, कारण त्यांनाही चालायचंच आहे. व्याख्यानवाल्यांनी जिथे पाच मिनिटं घेतली तिथे भटजींनी विहिरीवर थांबण्यापुरता वेळ घेतलाय. मावशीने तेवढ्यात सांगून टाकलं की शेवटी तो काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन येतो आणि आईवडिलांना गंगास्नान घालतो. कमाईचं जे काय झालं ते झालं. मला हे आधीही माहीत होतं, पण तिने सांगायला नको होतं.

हा एक वेगळाच प्रश्न आहे. पुढे गेलेल्या माणसाने मागच्याला किती सांगावं? विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ मला एका मैत्रिणीने दिलं ते पुस्तकाबरोबर शेवटही देऊन. १९३९ची कादंबरी, युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून बाहेर पडलेल्या ज्यू लोकांतली हॅर्टा. वाचताना शेवट माझ्या उशाशी बसून होता. मैत्रिणीचं म्हणणं, थोर कादंबरीला त्याने फरक पडत नाही. मला पडला. बोटीवरच्या चार घटकांच्या सुखात मी एकदाही सैल झाले नाही, आणि हॅर्टाला तर व्हायचं होतं. इतकं आखूड पुस्तक, एका दुपारी संपणारं; त्यातली आशा निदान वाचणाऱ्याला तरी मिळायला हवी होती.

आपल्या पणज्यांना हा त्रास नव्हता. हरि नारायण आपट्यांचं ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९० साली सुरू झालं आणि त्यांची कादंबरी ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यात हप्त्याहप्त्याने येत राहिली, १८९३पर्यंत. म्हणजे यमूचं सासर, दुर्गीचे हाल, रघुनाथरावांबरोबरचा तो मुंबईतला मोकळा संसार, हे सगळं लोकांनी थांबून थांबून वाचलं. मला त्या मधल्या दिवसांचं कुतूहल आहे. यमू मुंबईत सुखात आहे आणि पुढचा अंक यायचाय, त्या दिवसांत पुण्यातल्या वाड्यांतून काय बोलणी होत असतील? कुणी म्हटलं असेल, बघा, पोरगी निभावली. एखाद्या सोवळ्या आजीने मान हलवली असेल, तिला अनुभवाने ठाऊक. आणि शंकरमामंजी विधवा यमूचं जबरदस्तीने केशवपन करवतात तो प्रसंग छापून आला त्या आठवड्यात त्याच वाड्यातल्या शंकरमामंजींनी काय केलं असेल? त्या मधल्या मतांतलं काहीच कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. कादंबरीवर नंतर ढीगभर लिहिलं गेलं, सगळं शेवट माहीत असलेल्यांचं.

पत्रं मात्र थोडीफार ही जागा भरतात. धारवाडला बसून जी. ए. कुलकर्णींनी लिहिलेल्या पत्रांचे चार खंड निघाले आहेत आणि त्यांत पुस्तकांवर इतकं बोलणं आहे की वाचताना हातात वही लागते. माणूस लोकांत मिसळत नसे, पण वाचलेलं पुस्तक एकट्याजवळ ठेवणं त्यालाही जमलं नाही.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ सध्या माझा भाचा वाचतोय, फोनवर. त्याला पान नंबर विचारून उपयोग नसतो. तो टक्के सांगतो. वीस टक्क्यांवर त्याचा निरोप आला, ‘आत्या, हा पांडुरंग सांगवीकर काही करणार आहे का नाही?’ मी म्हटलं, बघ. तिसाच्या पुढे गेल्यावर त्याच्या निरोपांत ‘वगैरे’ वाढलं. ‘मेसचं जेवण वगैरे भिकार, उदाहरणार्थ आजची भाजी.’ म्हणजे लागण झाली. १९६३ पासून ती प्रत्येक पिढीतल्या काहींना होते आणि बाकीचे ‘यात आहे काय?’ म्हणत पुस्तक ठेवून देतात. दोघांनाही मी समजू शकते. मी स्वतः दर काही वर्षांनी ‘कोसला’ उघडते. एकदा पांडुरंगाचा कंटाळा येतो, एकदा त्याच्या बापाची दया येते. हल्ली बापाची जास्त येते.

भाच्याला मी पुढचं काही सांगितलं नव्हतं. पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीपर्यंत, मनीपर्यंत तो पोचला त्या दिवशी काहीच निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी फक्त एवढं आलं, ‘तू सांगायला हवं होतंस.’

तर एकाला सांगायला हवं होतं आणि एकीला नको होतं. नियम कसा करायचा?

‘ऋतुचक्र’ या सगळ्यातून सुटलेलं आहे. त्यात कुणी मरत नाही. दुर्गा भागवतांचं हे १९५६चं पुस्तक महिन्याला एक लेख, ‘वसंतहृदय चैत्रा’पासून. मी तसंच वाचतेय, त्या त्या महिन्यात तो तो लेख. सुरू केलं तेव्हा वाटलं होतं, झक्कास बेत आहे. अडचण अशी की दुर्गाबाईंच्या महिन्यात जे आहे ते माझ्या ठाण्यातल्या गल्लीत असेलच असं नाही, आणि असलं तरी मी त्या वेळी ऑफिसात असते. पिंपळाची कोवळी तांबूस पालवी मला चैत्रात पुस्तकात भेटली, मग शोधायला गेले तर स्टेशनच्या रस्त्यावरच्या पिंपळावर होती, रिक्षा स्टँडच्या डोक्यावर. इतकी वर्षं त्याखाली उभी राहून मी रिक्षाच शोधत होते.

पण मत विचाराल तर अजून आषाढापर्यंतचंच देऊ शकते. काही परिच्छेद मला जड जातात. विशेषणं एकावर एक चढतात, संस्कृत शब्दांचा भार होतो आणि झाड दिसायच्या ऐवजी झाडाची आरती ऐकू येते. आणि मग अचानक एखादं निरीक्षण असं येतं की ही बाई तासन्‌तास त्या फांदीखाली उभी होती याची खात्री पटते. ‘ललित गद्याचा मानदंड’ वगैरे म्हणून या पुस्तकाला नमस्कार करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते महिन्यांनुसार वाचलंय कोण जाणे. सलग वाचलं तर सौंदर्याचं अजीर्ण होतं, माझ्या मते. याच दुर्गाबाई १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे त्यांना अटक झाली ती मुंबईच्या एशियाटिकच्या ग्रंथालयात. वाचताना हे मधेच आठवतं आणि फुलांविषयीची ती मऊ वाक्यं तेवढी मऊ वाटेनाशी होतात. हा पुस्तकावर अन्याय आहे का? असेल. भाद्रपदात बघू.

मावशीचं ‘माझा प्रवास’ माझ्या आधी संपणार हे उघड आहे. तिला दुपार मोकळी असते. तिने पुढचं पुस्तक ठरवूनही टाकलंय, ‘स्मृतिचित्रे’. दोघींचंही पूर्वी वाचून झालेलं, म्हणजे शेवट सांगण्या-न सांगण्याचा प्रश्न मिटला. यावेळी प्रती जुळवून घ्या असं मी बजावलंय. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मकथन १९३४ ते १९३७ मध्ये चार भागांत निघालं. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर. वरवर बघितलं तर हसवणारं पुस्तक आहे आणि त्याच पानावर रडवणारं. वडिलांच्या सोवळ्याने पिचलेलं घर त्या असं काही सांगतात की आपण हसतो आणि मग लाज वाटते.

भांडण मात्र आत्ताच सुरू झालंय, रेव्हरंड टिळकांवरून. न सांगता घर सोडून जाणारा, हातात पैसा न टिकणारा, १८९५ साली बायकोला अंधारात ठेवून बाप्तिस्मा घेणारा नवरा. मावशी म्हणते, ‘‘कवी असो नाहीतर कोणी असो, मी याला उंबऱ्यात उभा केला नसता.’’ मी म्हटलं, लक्ष्मीबाईंनी तर केला. पाच वर्षांनी त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं काव्य, ‘ख्रिस्तायन’, त्यांनीच पुढे नेलं.

‘‘ते तिचं मोठेपण,’’ मावशी म्हणाली. ‘‘त्याचं काय त्यात?’’

‘‘पण मावशी, बाई त्याच्यावर रागावून लिहीतच नाही. चिडवते.’’

‘‘तू कुठवर आलीस?’’

‘‘सुरूच केलंय. लग्न झालंय नुकतं.’’

‘‘मग गप्प बस. तो पहिल्यांदा पळून जाईल ना, तेव्हा फोन कर.’’